सुटून आलेल्या बाईला विचारलं कोणी?

२०२० च्या जानेवारीत धामणगाव रेल्वे इथे महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीचा खून झाला. एकतर्फी प्रेमातून, असं वर्तमानपत्रांत आलं. पुढच्याच महिन्यात, ३ फेब्रुवारीला, हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं गेलं आणि १० तारखेला नागपूरच्या रुग्णालयात तिनं प्राण सोडला. त्यानंतर तीन दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, चांदूर रेल्वेच्या महिला महाविद्यालयातल्या मुलींना टेंभुर्णी इथल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक शपथ दिली गेली. प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही, हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, असा तिचा आशय होता.

हुंड्याविषयीचा भाग चांगला होता, हे आधी मान्य करते. पण मारणारे पुरुष होते आणि शपथेसाठी हात पुढे केले मुलींनी. राज्यभर टीका झाली ती योग्यच होती. शपथ देणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असं मला वाटत नाही. ते घाबरले होते, आणि घाबरलेला समाज पहिल्यांदा मुलींनाच आवरतो. अशा प्रत्येक घटनेनंतर सल्ला देणाऱ्यांची रांग लागते. मोबाइल काढून घ्या, शिकवणीला एकटी पाठवू नका, बारावी झाली की उरकून टाका. मास्तर सांगतात, नातेवाईक सांगतात, पुढारी सांगतात. जी बाई स्वतः मार खाऊन, विकली जाऊन, फसवली जाऊन परत आली, तिला त्या रांगेत कुणी बोलवत नाही. सापळा कुठे लावला जातो हे सगळ्यांत नेमकं तिलाच माहीत असतं. अशा बायका एकत्र आल्या तेव्हा काय घडलं, याच्या काही गोष्टी आपल्याच राज्यातल्या आहेत, काही आपल्या राज्यातून सुरू होऊन दूर गेलेल्या आहेत.

वऱ्हाडाला तर दोष कुणाचा हा प्रश्न उलटा विचारण्याची जुनी सवय असायला हवी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी केली गेली, आणि त्या निमित्तानं वर्तमानपत्रं बायकांच्या नीतीवर लिहीत सुटली. ताराबाईंनी विचारलं की तिला त्या अवस्थेत आणणारा पुरुष कुठे आहे, त्याची नीती कोण मोजणार? त्यांच्यावर झोड उठली, आणि त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही.

विकली जाऊन परत आलेल्या बाईविषयी बोलायचं तर आधी मानवी तस्करी म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घेऊ, कारण त्याबद्दल आपल्या डोक्यात सिनेमातलं चित्र बसलेलं आहे: काळी गाडी, गुंगीचं औषध, अनोळखी माणूस. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी पालेर्मो करारात जी व्याख्या ठरवली तिला तीन अंगं आहेत. कुणालातरी मिळवणं, नेणं, ठेवणं किंवा ताब्यात घेणं ही कृती. त्यासाठी धाक, फसवणूक, पैसा किंवा समोरच्याच्या असहायतेचा फायदा वापरणं हा मार्ग. आणि पिळवणूक हा हेतू. माणूस अठरा वर्षांखालचा असेल तर मार्ग तपासायची गरजच नाही. कृती आणि हेतू पुरेसे. भारतानं हा करार २०११ मध्ये मान्य केला. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर वर्मा समितीच्या शिफारशींवरून २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचं कलम ३७० नव्यानं लिहिलं गेलं. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नं घेतली आहे. लैंगिक शोषण, गुलामी, वेठ, अवयव काढून घेणं यांच्या जोडीला नव्या संहितेनं भीक मागायला लावणंही पिळवणुकीच्या यादीत घातलं. आणि पीडित व्यक्तीनं ‘हो’ म्हटलं होतं की नाही, याला कायद्यात महत्त्व नाही.

म्हणजे वेश्यावस्ती हा तस्करीचा एकच मुक्काम झाला. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी भागातल्या कातकरी कुटुंबांची लहान मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर राबायला दिली गेली होती, हे उघड झालं. एका दहा वर्षांच्या मुलीचा जीव गेला तेव्हा महाराष्ट्राला ते कळलं. ती मुलं कुणी गाडीत कोंबून नेली नव्हती. आईबापांच्या समोर, दारातून गेली.

आपल्याकडचा मार्ग बहुतेक वेळा लग्नाचा असतो. विदर्भातल्या मुली लग्नाच्या नावाखाली मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरातेत विकल्या गेल्याची प्रकरणं पोलिसांत नोंदली गेली आहेत. उत्तरेत काही पिढ्यांनी मुली गर्भातच संपवल्या. २०११ च्या जनगणनेत हरियाणात दर हजार पुरुषांमागे ८७९ बायका होत्या, सहा वर्षांखालच्या मुलांत तर हजार मुलग्यांमागे ८३४ मुली. तिथल्या मुलांना बायको मिळत नाही आणि इकडे कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या घरात हुंड्याला पैसा नाही. या दोन गरजांच्या मध्ये दलाल उभा राहतो. तो ओळखीचाच असतो, कधी लांबची मावशी, कधी कामाला बाहेर जाऊन आलेली शेजारीण, कधी ‘चांगलं स्थळ आहे, खर्च पोराकडचेच करतील’ म्हणणारा भाऊजी. हार पडतात, फोटो निघतात, बापाला वाटतं देव पावला. चार-सहा महिन्यांनी मुलीचा फोन लागेनासा होतो.

मुलगी घरातूनच नाहीशी झाली तर गाव एकच वाक्य बोलतं, पळून गेली असेल. या वाक्यानं दलालाचं सगळं काम होतं. आईबाप लाजेनं पोलिसांत जात नाहीत, गेले तर तिथेही तेच ऐकतात, आणि पहिले दोन दिवस, ज्यात ती अजून जवळच्या एखाद्या शहरात असू शकते, वाया जातात. मुलगी अठराखालची असेल तर बेपत्ता झाल्याबरोबर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास केला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. तो प्रत्येक आईला तोंडपाठ असायला हवा. अठरावर एक दिवस जास्त असला की फक्त ‘बेपत्ता’ची नोंद होते, आणि मग सगळं पोलिसांच्या मनावर.

धामणगाव हावडा-मुंबई लोहमार्गावर आहे. १८६७ साली कापसासाठी नागपूरपर्यंत पोचलेल्या या मार्गानं आज माणसंही नेली जातात, तीही साध्या तिकिटावर. रेल्वे सुरक्षा दलाची यासाठी वेगळी मोहीम आहे, ‘ऑपरेशन आहट’, आणि गाड्यांतून मुलं उतरवून घेतल्याच्या बातम्या येतात. त्यातली एक जरा थांबून बघण्यासारखी आहे. ३० मे २०२३ रोजी दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. ती सांगलीच्या मदरशात शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा दाखल झाला, ते चार आठवडे तुरुंगात राहिले, मुलं नाशिक-जळगावच्या बालगृहांत थांबली. पुढच्या वर्षी पोलिसांनीच तस्करी झालेली नाही असं सांगून प्रकरणं बंद केली. सावधगिरी बाळगू नये, असं मी म्हणत नाही. पण आईबापांशी आणि मुलांशी नीट बोलण्याआधीच ‘सुटका’ जाहीर झाली, आणि ती ज्यांची झाली त्यांना तिचा त्रासच झाला.

सुटका करणारे आणि सुटका झालेले यांच्यातलं हे अंतर विदर्भाला जुनं आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. कायद्याच्या इतिहासात ती मथुरा या नावानं ओळखली जाते. सत्र न्यायालयानं दोन आरोपी पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नाही, असं निकालात कारण होतं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. १९८० च्या महिला दिनाला शहराशहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा सरकारी ताब्यात असलेल्या बाईवरचा अत्याचार हा वेगळा, कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं तिचं म्हणणं धरून चालावं असं ठरलं. सुनावणी बंद दाराआड होऊ लागली आणि पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरलं.

आज देशातली प्रत्येक बाई त्या मुलीची ऋणी आहे. पण त्या सगळ्या लढ्यात ती स्वतः कुठेही बोलणारी नव्हती. ती ‘प्रकरण’ होती. पत्र लिहिणारे थोर होते, मोर्चे काढणाऱ्या बायका धीराच्या होत्या, तरीही तिच्यासाठी बोलणारे आणि ती, यांच्या मध्ये अंतर राहिलंच.

हे अंतर मोडलं ते मुंबईतून परत पाठवल्या गेलेल्या काही मुलींनी.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर पोलिसांनी मोठे छापे घातले. शेकडो मुली बाहेर काढल्या, त्यांत दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. कागदोपत्री त्या सुटल्या. प्रत्यक्षात त्यांना महिनोन्‌महिने सरकारी गृहांत बंद ठेवण्यात आलं. त्यांचं सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं, कारण नागरिकत्वाचा कागद त्यांच्याकडे नव्हता आणि त्या आजार घेऊन येतील अशी तिकडे भीती पसरली होती. शेवटी नेपाळमधल्या सात संस्था पुढे आल्या आणि १२८ मुली काठमांडूला परतल्या. तिथेही विमानतळापासून पुढे त्यांच्याकडे बोट दाखवणारेच जास्त होते. घरच्यांनी दारं लावली. त्यांच्याविषयीच्या बैठका त्यांच्याशिवाय भरत, निर्णय त्यांच्याशिवाय होत.

त्यातल्या काही मुलींनी मग एकत्र बसायचं ठरवलं. एका प्रशिक्षणात त्यांना पहिल्यांदा कळलं की जे घडलं तो गुन्हा होता आणि गुन्हेगार त्या नव्हत्या. हे वाक्य सोपं वाटतं. पण सोळाव्या वर्षी विकल्या गेलेल्या मुलीला तोवर प्रत्येकानं उलटंच सांगितलेलं असतं, आणि तिनं ते मानलेलं असतं. १९९६ मध्येच त्यांनी ‘शक्ती समूह’ सुरू केला. तस्करीतून वाचलेल्या बायकांनी स्वतःच उभी केलेली आणि स्वतःच चालवलेली ही जगातल्या पहिल्या संघटनांपैकी एक. नोंदणीला मात्र २००० साल उजाडलं, कारण संस्था नोंदवायला नागरिकत्वाचा दाखला लागतो आणि तो बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाशिवाय मिळत नव्हता. ज्या घरांनी त्यांना नाकारलं त्याच घरांतून तो कागद आणायचा होता.

संस्थापकांपैकी एक चरीमाया तामांग. त्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या. १९९४ मध्ये, सोळा वर्षांच्या असताना त्यांना मुंबईला आणून विकलं गेलं. बावीस महिन्यांनी त्या सुटल्या आणि परतल्यावर आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध त्यांनी स्वतः फिर्याद दिली. गावात त्याच माणसांची घरं, त्याच माणसांचे नातेवाईक. तिथे उभं राहून नावं घेणं म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही खेड्यातल्या बाईला समजेल. १९९७ मध्ये आठ जणांना शिक्षा झाली. ‘शक्ती समूहा’नं पुढे निवारागृहं चालवली, डोंगरातल्या खेड्यांत किशोरींचे गट बांधले, आणि २०१५ च्या भूकंपानंतर सिंधुपाल्चोक उद्ध्वस्त झाल्यावर दलाल मदतीच्या नावाखाली फिरू लागतील, हे ओळखून आधीच जागता पहारा ठेवला. ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. २०१३ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला या कहाणीत सगळ्यांत मोलाची वाटते ती फिर्याद. खटले उभे राहत नाहीत कारण साक्षीदार फिरतात, असं आपण सतत ऐकतो. मुलगी एकटी असते. तारखा वर्षानुवर्षं चालतात, आरोपीची माणसं घरी येऊन समजावून जातात, आई म्हणते की तुझ्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. अशा वेळी वकिलाच्या सल्ल्याइतकीच गरज असते ती आधी तारखेला जाऊन आलेल्या एखादीची. ती बाजूला बसून सांगते की उलटतपासणीत ते असं असं विचारतील, मला पण विचारलं होतं, मी रडले होते, तरी उत्तर दिलं.

सांगलीची गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते आणि ती अनेकांना पचायला जड जाते. १९९२ मध्ये मीना शेषू आणि सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली, एचआयव्हीच्या साथीत. निरोध वाटायचं काम वस्तीतल्या बायकांनीच हातात घेतलं, कारण गिऱ्हाइकाला नकार कसा द्यायचा आणि घरवालीला, म्हणजे कोठा चालवणारीला, कसं पटवायचं, हे त्यांनाच ठाऊक होतं. त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, म्हणजे ‘व्हॅम्प’, उभी राहिली. सांगली, मिरज, कोल्हापूर, सातारा भागात आणि निपाणीच्या बाजूला सीमेपलीकडेही तिचं काम आहे. सभासदांत देवदासी परंपरेतून आलेल्या बऱ्याच जणी. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे की सज्ञान बाई स्वतःच्या निर्णयानं धंदा करत असेल तर तिला पीडित म्हणून उचलून नेऊ नका. आणि अल्पवयीन मुलीला किंवा जबरदस्तीनं आणलेल्या बाईला वस्तीत राहू देणार नाही, ते आमच्यावर सोपवा.

ते कसं करतात? वस्तीत नवी मुलगी दिसली की बाया तिच्याशी बोलतात. वय किती, कुणी आणलं, मनानं आलीस का, घरी काय सांगितलंय. भाषा, कपडे, बोलताना कुणाकडे बघते, यावरून त्यांना कळतं. छाप्यातल्या पोलिसाला जे एका रात्रीत कळत नाही ते शेजारच्या खोलीतल्या बाईला दोन तासांत कळतं. लहान असेल तर घरी पोचवायची किंवा यंत्रणेकडे द्यायची. गावोगावच्या तंटामुक्ती समितीसारखी यांचीही तंटामुक्ती समिती आहे. घरवालीचं कर्ज, गुंडाचा हप्ता, मारझोड, हे सगळं तिथे येतं.

मे २००५ मध्ये एका परदेशी संस्थेच्या पुढाकारानं सांगलीच्या गोकुळनगरमध्ये छापा पडला. सज्ञान बायांनाही उचलून नेलं, आणि त्या सुटण्यासाठी धडपडू लागल्या. त्याच सुमारास अमेरिकी मदत घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्यावं, अशी अट आली. ‘संग्राम’नं सही केली नाही, पैसे परत केले. यावर मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. तस्करीतून वाचलेल्या अनेक जणी म्हणतात की हा धंदाच हिंसा आहे, त्यात निवड कसली. सांगलीच्या बाया म्हणतात की आमच्या निवडीचा हिशेब तुम्ही ठेवू नका. दोघी अनुभवातून बोलतात, आणि दोघींपैकी एकीला गप्प करून प्रश्न सुटणार नाही. नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीत ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी नाकेबंदी केली तेव्हाही अल्पवयीन मुलींची तस्करी हे कारण पुढे केलं गेलं आणि वस्तीतल्या बाया रस्त्यावर उतरल्या. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात या बायांना सन्मानानं जगण्याचा हक्क आहे असं सांगितलं आणि संरक्षणगृहांत मनाविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायांना सोडण्यासाठी पाहणी करायचे आदेश दिले. सुटकेच्या नावाखाली कोंडणं होतं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं कागदावर मान्य केलं, याला मी फार महत्त्व देते.

२०१९ मध्ये अनेक राज्यांतल्या तस्करीतून वाचलेल्यांनी मिळून ‘इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग’, थोडक्यात ‘इल्फॅट’, सुरू केला. त्यात वेश्यावस्तीतून परतलेल्या बंगाल-आंध्रच्या मुली आहेत तसे वीटभट्टीवर वेठ भोगलेले मजूरही आहेत. त्यांची एक मागणी मला फार पटते: पुनर्वसन चार भिंतींत नको, गावात करा. निवारागृहात शिवणकाम, पापड-लोणचं शिकवलं जातं आणि तीन वर्षांनी मुलगी पुन्हा त्याच गावात, त्याच गरिबीत, त्याच टोमण्यांत परतते. तिला शिवणयंत्राच्या आधी लागते शिधापत्रिका, बँकेचं खातं, उपचार, आणि नुकसानभरपाई. भरपाई हा हक्क आहे, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागायची असते. राज्यात बलात्कार आणि ॲसिडहल्ल्याच्या पीडितांसाठी २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजनाही आहे. या योजना फार थोड्यांपर्यंत पोचतात, कारण अर्ज कुठे करायचा हे सांगणारं कुणी नसतं. आधी अर्ज केलेली बाई शेजारच्या गावात असेल तर ते काम एका दुपारीत होतं.

आणि हे सगळं बाहेरचंच आहे असं नाही. धामणगावपासून जवळ, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथे ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा आहे. मतीन भोसले हे फासेपारधी समाजातले जिल्हा परिषदेचे शिक्षक. २०१२ मध्ये नोकरी सोडून त्यांनी ती सुरू केली. रेल्वे स्टेशनांवर, शहरांच्या सिग्नलवर भीक मागणारी आपल्याच समाजाची मुलं गोळा करून आणली. १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ नंतरही ज्यांच्यावरचा तो शिक्का पोलिसांच्या डायरीतून गेला नाही, अशा घरांतली ती मुलं होती. त्यांच्या आईबापांना तस्कर म्हणणं अन्याय होईल; भुकेनं त्यांच्यापुढे दुसरी वाट ठेवली नव्हती. तरी भीक मागणारं एकटं मूल दलालाच्या हाती सर्वांत आधी लागतं. बाहेरचा समाजसेवक त्या पालांवर गेला असता तर पारध्यांनी मूल दिलं नसतं. भोसले त्यांच्यातले होते, त्यांची भाषा बोलत होते, पोलीस दारात आल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून मुलं मिळाली. जून २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी या शाळेच्या काही खोल्या आणि वाचनालय पाडण्यात आलं. महामार्गावरून आज मुंबई काही तासांत येते. त्या मुलांच्या खोल्यांचा हिशेब त्या वेगात धरला गेला नाही, याचं मला दुःख होतं.

आता धामणगाव तालुक्यापुरतं बोलायचं तर नवीन काही उभारायची वाट बघायला नको. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य-सचिव, पोलीस पाटील सदस्य. बऱ्याच ठिकाणी ती फलकावर असते आणि बैठकीचं रजिस्टर कोरं असतं. तिची बैठक लावा, आणि गावात नवऱ्याच्या मारातून बाहेर पडलेली, परमुलखातल्या लग्नातून परत आलेली, कोर्टाच्या पायऱ्या चढून आलेली जी बाई असेल तिला सन्मानानं बोलवा. तिनं आपली कहाणी सांगितलीच पाहिजे असं नाही. तो तिचा प्रश्न. तिला फक्त विचारा की या गावात आता कोणत्या घरची मुलगी धोक्यात आहे आणि कोणता माणूस स्थळं घेऊन फिरतोय. बचत गटात लग्नाच्या निरोपाबरोबर नवरदेवाचं गाव, आधार कार्ड, मध्यस्थाचं नाव लिहून ठेवायची पद्धत पाडता येईल. परराज्यात लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला महिन्यातून एकदा व्हिडिओ फोन करायचा आणि तो तिला एकटीला लागतो का, हे बघायचं. सासूच्या समोर बोलणारी मुलगी ‘बरी आहे’ एवढंच म्हणते. १०९८, १८१ आणि ११२ हे आकडे शाळेच्या भिंतीवर असतात, ते मुलींच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या नावानं साठवलेले असावेत. रेल्वेत काही खटकलं तर १३९.

आणि महाविद्यालयांच्या शिबिरांत मुलग्यांनाही बसवा. नकार मिळालेल्या मुलाला त्या रात्री काय वाटतं, तो कुणाशी बोलतो, मित्र त्याला काय सांगतात, यावर आपल्याकडे कुणी कधी तास घेतलेला नाही. धामणगाव आणि हिंगणघाटच्या त्या दोन महिन्यांनंतर पहिला तास तोच व्हायला हवा होता, आणि तो घ्यायला एखादी वाचलेली मुलगी तयार असेल तर तिच्यासाठी खुर्ची मंचावर हवी. तिचं नाव-गाव जाहीर होणार नाही, फोटो निघणार नाहीत, येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन मिळेल, आणि मध्येच उठून जावंसं वाटलं तर कुणी कारण विचारणार नाही, एवढं आधी लेखी ठरवून.